गांजा घेता का, हे विचारण्याआधी

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात १ जानेवारी २०१४ पासून गांजा दुकानात उघडपणे मिळू लागला. लठ्ठपणाची शस्त्रक्रिया करणाऱ्यांपुढे तेव्हापासून पेच आहे: गांजा घेणाऱ्याचं ऑपरेशन करायचं का? काही रुग्णालयं लघवी तपासतात आणि अंश सापडला की तारीख पुढे ढकलतात. मला हे घातक वाटतं.

गांजातल्या टीएचसी या द्रव्यानं भूक वाढते, हे खरं. म्हणून अशा रुग्णाचं वजन उतरणार नाही, अशी धास्ती. पण आजवरचे अभ्यास बहुतेक लहान आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच अभ्यासांत पहिल्या एक-दोन वर्षांत वजनात फारसा फरक दिसलेला नाही.

धोका आहे तो दुसरीकडे. नियमित गांजा ओढणाऱ्याला भुलीचं औषध जास्त लागू शकतं, नंतरच्या वेदनाही जास्त असू शकतात. आणि उलट्या! वर्षानुवर्षं गांजा घेणाऱ्या काहींना थांबता थांबत नाहीत अशा उलट्या होतात, गरम पाण्यानं अंघोळ केली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये हा विकार प्रथम नोंदवला. ऑपरेशन झालेल्याला उलट्या झाल्या, की डॉक्टर आतड्याचा जोड आकसला का, व्रण झाला का, हे दुर्बिणीनं पाहतात. सगळं ठीक दिसतं. गांजाचं कुणाला माहीतच नसतं. तोवर शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व संपत येतं; मग तोल जातो, एकाचे दोन दिसतात, स्मरणशक्तीला कायमची इजा होऊ शकते. वेळेवर बी-१ टोचलं तर हे टळतं. एवढ्या साध्या उपायाला रुग्ण मुकावा, याचा मला राग येतो.

खरं बोललं की ऑपरेशन हुकणार असेल, तर कोण खरं बोलेल? शिवाय रोज घेणाऱ्याच्या लघवीत सोडल्यानंतरही कित्येक आठवडे अंश सापडतो, त्यामुळे ज्यानं खरोखर सोडलं तोही अडकतो. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं गांजा घेणं गुन्हा ठरतं, म्हणून रुग्णाची जीभ आणखीच अडखळते.

म्हणून नातेवाइकांना बाहेर बसवून डॉक्टरांनी आधी सांगावं, की या उत्तरामुळे ऑपरेशन रद्द होणार नाही, ते भूलतज्ज्ञांना हवं आहे. मग विचारावं: ओढता की खाता, किती वेळा, शेवटचं कधी? आणि ऑपरेशननंतरच्या प्रत्येक भेटीत हेच पुन्हा विचारावं.