सरकारी संशोधन कोणासाठी?

श्रावणात गोदावरी चढू लागली, की नाशिककर एकमेकांस एकच प्रश्न विचारतात : पाणी मारुतीच्या कोठवर आले? रामकुंडाजवळ नदीच्या पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती हे आमच्या शहराचे परंपरागत पूरमापक होय. पाणी त्याच्या गुडघ्याशी आले म्हणजे काठचे दुकानदार सावध होतात. छातीला लागले म्हणजे माल हलवू लागतात. आणि मस्तकही दिसेनासे झाले, की नारोशंकराच्या घंटेकडे डोळे लागतात. २००८, २०१६ आणि २०१९ या तिन्ही सालच्या पुरांत हाच हिशेब चालला. या रीतीची थट्टा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. जे माप सर्वांस दिसते व सर्वांस कळते, ते माप म्हणून उत्तमच म्हटले पाहिजे.

आम्हांस नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. याच शहरात, दिंडोरी रस्त्यावर, महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था १९५९ सालापासून, म्हणजे महाराष्ट्र राज्य स्थापन होण्याच्याही आदल्या वर्षापासून, काम करीत आहे. ‘मेरी’ या सुटसुटीत नावाने तिला सारे शहर ओळखते. माती, काँक्रीट, पाण्याचे प्रवाह, धरणांतील गाळ, भूकंपाचे धक्के यांची तपासणी हा तिचा व्यवसाय. परंतु मेरी म्हणजे बसचा थांबा, यापलीकडे तिच्याविषयी चार वाक्ये सांगू शकेल असा सुशिक्षित गृहस्थही आम्हांस क्वचितच भेटतो. हा दोष केवळ त्या गृहस्थाचा आहे काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे. जे संशोधन लोकांच्या पैशाने चालते आणि ज्यावर लोकांचे जीवित अवलंबून असते, ते लोकांच्या भाषेत प्रसिद्ध होईपर्यंत पुरे झाले असे मानताच कामा नये.

या प्रकारच्या संशोधनाचा आपल्याकडील आरंभ आठवावा. मुंबई इलाख्याच्या सरकारने १९१६ साली पाटबंधाऱ्यांच्या प्रश्नांसाठी एक खास विभाग काढला. तोच पुढे खडकवासल्याची प्रख्यात संस्था झाला. त्या काळी दख्खनच्या कालव्यांखाली ऊस फोफावला होता आणि त्याच पाण्याने चांगल्या जमिनी चिबड व खारवट होत होत्या. प्रश्न शेतकऱ्याच्या बांधावरचा होता. त्या संस्थेची धुरा अनेक वर्षे वाहणारे सर क्लॉड इंग्लिस यांनी नद्या व कालवे यांविषयीचे आपले अनुभव १९४९ साली पुण्याहून दोन भागांत प्रसिद्ध केले. ते इंग्रजीत लिहिले याबद्दल त्यांस कोण दोष देईल? त्यांचा वाचक जगभरचा अभियंता होता. परंतु परक्या सरकारच्या अधिकाऱ्यास जी भाषा शोभली, तीच स्वराज्यातील खात्यांनीही निमूटपणे पुढे चालवावी, हे मात्र आम्हांस शोभत नाही.

गंगापूर धरणाचेच उदाहरण घ्या. नाशिकची तहान भागविणारे हे मातीचे धरण १९६५ साली पुरे झाले. त्याची मूळची क्षमता ७,२०० दशलक्ष घनफूट. आज ती ५,६३० धरली जाते. पाचव्या हिश्शाहून अधिक जागा गाळाने गिळली. ही हानी एका रात्रीत झालेली नाही. ती वर्षावर्षाने होत असता मापून पाहणारे शास्त्र उपलब्ध होते. परंतु नाशिककर गृहिणीस ती कळते केव्हा? पाणीकपात जाहीर झाली म्हणजे! पूररेषेचीही तीच कथा. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा, तांबडी म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. हे ऐकून भोळा माणूस समजतो, की एकदा पूर येऊन गेला, आता पंचवीस वर्षे निश्चिंती. वस्तुतः अर्थ असा, की तेवढा पूर येण्याचा संभव प्रतिवर्षी शेकडा चार असतो. गतवर्षी आला म्हणून यंदा तो टळत नाही. एवढी गोष्ट घाटावर एका फलकावर मराठीत लिहिण्यास किती खर्च येईल?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की हा विषय मराठीत मांडता येत नाही. इंग्रजीचे आम्ही वैरी नाही. तिच्यावरच आमची उपजीविका चालली. परंतु पाट, बंधारा, सांडवा, मोरी, गाळ, चिबड हे शब्द कोणत्या भाषेचे? आमच्याच जिल्ह्यात, बागलाणात, मोसमेच्या काठी फडपद्धतीने शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या पाण्याची वाटणी केली, ती काय इंग्रजीत? भाषा दुबळी नाही. आपली इच्छा दुबळी आहे.

दुसरा आक्षेप असा, की लोक घाबरतील. याचे उत्तर १२ जुलै १९६१ या दिवसाने दिलेले आहे. पानशेतचे अपुरे धरण पाण्याने भरले होते. ते वाचविण्यासाठी तेथे जवान वाळूची पोती रचीत होते. पण पुणे शहर मात्र नित्याच्या उद्योगास लागले होते. लोक घाबरू नयेत म्हणून मौन पाळणे म्हणजे त्यांस घाबरण्याचा हक्क नाकारणे होय, आणि योग्य वेळी वाटलेले भय हेच पुष्कळदा प्राण वाचविते. उलट अनुभवही आमच्या घरचाच आहे. पेठ, सुरगाणा, कळवण भागांत जमीन हादरली, की मेरीच्या यंत्रावरील नोंद दुसऱ्या दिवशी मराठी वृत्तपत्रांत येते. त्यामुळे लोक पळत सुटले काय? मुळीच नाही. आकडा कळला म्हणजे अफवेस जागाच उरत नाही.

मेरीतील अभियंत्यांवर आमचा रोष नाही. ज्यांस केवळ वरिष्ठांस अहवाल सादर करण्यास शिकविले, ते शेजाऱ्यास तो कसा सांगतील? आमची मागणी सरकारकडे आहे, आणि ती थोडकी आहे. प्रत्येक संशोधन संस्थेने वर्षाकाठी एक लहानसे मराठी पुस्तक काढावे : काय मापले, काय आढळले, त्याचा अर्थ काय, आणि कशाविषयी अद्याप शंका आहे. त्याची एक प्रत गावोगावच्या ग्रंथालयांत ठेवावी. आमच्याकडे १८४० सालापासूनचे सार्वजनिक वाचनालय आहेच. तेथे जागेची अडचण पडणार नाही. गंगापुरातून किती क्यूसेक पाणी सोडले असता कोणत्या गल्लीत किती पाणी शिरते, याचा नकाशा पावसाळ्यापूर्वी घाटावर लागावा.

आणि वाचकांसही आमचे एक सांगणे आहे. मागितल्याविना हे मिळणार नाही. कादंबरीच्या नव्या आवृत्तीची चौकशी करणाऱ्या आपण सुशिक्षितांनी, आपल्या धरणात गाळ किती, हे एकदा तरी विचारले आहे काय? मारुतीराय आपले काम चोख बजावीत आहेत. मात्र पाणी कोठवर आले एवढेच ते सांगू शकतात. ते कोठवर येईल, हे सांगण्यासाठीच आपण संशोधन संस्था काढली होती.