मैदान ओस, वार्ता उदंड

फुटबॉलचा हंगाम संपला की रसिकाची भूक भागविण्याचे काम वार्ता आणि वावड्या करीत असतात. कोणता खेळाडू कोठे चालला, प्रशिक्षक राहणार की जाणार, अशा चर्चांवर गोमंतकाने आजवर कित्येक पावसाळे काढले. अलीकडे मात्र पेडण्याच्या तिठ्यावर काय किंवा डिचोलीच्या बाजारात काय, या गप्पांतील गोडी ओसरलेली दिसते. लोकांचे फुटबॉलवरील प्रेम आटले, असा निष्कर्ष यावरून काढणे घाईचे होईल.

२०२५ सालचा पावसाळाच पाहावा. ११ जुलै रोजी इंडियन सुपर लीगचा नवा हंगाम स्थगित ठेवल्याचे जाहीर झाले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि ही स्पर्धा चालविणारी कंपनी यांच्यातील २०१० पासूनचा पंधरा वर्षांचा करार डिसेंबरात संपणार होता आणि पुढची व्यवस्था ठरलेली नव्हती. आठवडाभरातच, १८ जुलै रोजी, लोझान येथील क्रीडा लवादाने आय-लीगचे विजेतेपद इंटर काशी संघाला दिले. महासंघाने एप्रिलमध्ये हाच मान गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला बहाल केला होता. निवाड्याच्या योग्यायोग्यतेत आम्ही शिरत नाही. परंतु विजेता कोण, हे भर पावसात परदेशातील लवादाकडून कळावे आणि पुढची स्पर्धा होणार की नाही, हे कोणालाच सांगता येऊ नये, अशा स्थितीत वार्तांना चव राहणार कोठून? ऑक्टोबरात निविदा निघाली, तिला एकही बोली आली नाही. नव्या हंगामाची १४ फेब्रुवारी ही तारीख जाहीर होण्यास २०२६ चा जानेवारी उजाडावा लागला.

आमच्या दशावतारी मंडळ्याही पावसाळ्यात पेटारे बंद करून बसतात. तरी यंदा संकासुर कोण करणार, कोणता नट कोणत्या मंडळीत गेला, ही चर्चा पेडणे महालात थांबत नाही. याचे कारण, कोजागिरीला पेडण्याची पुनव होणार आणि पाठोपाठ गावोगावच्या जत्रा तिथीला भरणार, याविषयी कोणाच्या मनात संदेह नसतो. प्रतीक्षेला तिथीचा आधार असला तरच ती गोड लागते. तिथीच पुसली गेली की उरते ती नुसती कुजबूज.

दुसरे कारण आपलेपणाचे. धेंपो, साळगावकर ही नावे गोमंतकाच्या घराघरांतील होती. २०१६ साली हे दोन्ही संघ आणि स्पोर्टिंग आय-लीगमधून बाहेर पडले. धेंपो पुढे परतला, पण मधल्या काळात गप्पांचा विषय दूरच्या नामवंतांकडे वळला. अल नासरविरुद्धच्या सामन्यासाठी रोनाल्डो फातोर्ड्याला येणार की नाही, या एका प्रश्नावर २०२५ च्या ऑगस्टपासून शाईचे पाट वाहिले. तो आला नाही. मात्र २२ ऑक्टोबरच्या त्या सामन्यात एफसी गोवाचा एकमेव गोल ब्रायसन फर्नांडिस या गोमंतकीय तरुणाने केला. सामना १-२ असा हातचा गेला, तरी रसिकांच्या स्मरणात राहील तो हाच गोल. दोन महिन्यांच्या वावड्यांना जे साधले नाही, ते आपल्या मातीतल्या एका पोराने क्षणार्धात साधले.

यातून घ्यावयाचा बोध सरळ आहे. महासंघाने हंगाम संपण्यापूर्वीच पुढील हंगामाच्या तारखा बांधून द्याव्यात आणि वाद मैदानाबाहेर रेंगाळणार नाहीत, अशी तजवीज करावी. गोव्यातील संघटकांनी उत्तरेकडील तालुक्यांतील मुलांसाठी मैदाने आणि नियमित सामने पुरवावेत. भातकापणीनंतर मोकळ्या शेतात चेंडू लाथाडणाऱ्या पोराला वरच्या संघापर्यंतची वाट दिसली, तर त्याचा अख्खा वाडा पुढच्या पावसाळ्यात वर्तमानपत्राची वाट पाहील. रसिक उदासीन झालेला नाही. खेळ कधी सुरू होणार, एवढेच तो विचारीत आहे, आणि त्याला उत्तर मिळण्याचा अधिकार आहे.