पाहुण्यांना खोली द्यायची, पण कागद कुणाच्या नावावर?

पावसाळा लागला की आंबा घाट, गगनबावडा, पन्हाळा, दाजीपूर या बाजूला शनिवार-रविवारी गाड्यांची रीघ लागते. हॉटेलं कमी आणि पाहुणे जास्त, त्यामुळे गावोगावी घराची माडी, शेतातलं घर, परड्यात नव्यानं बांधलेली खोली दोन-दोन दिवसांसाठी भाड्यानं दिली जातेय. मोबाइलवर चार फोटो टाकले की गिऱ्हाईक मिळतं. घरच्या बायकांच्या हातचं मटण-भाकरी हीच मोठी जाहिरात. शाहूवाडी, पन्हाळा, राधानगरी तालुक्यांत आपल्या समाजातलीही काही घरं यात उतरली आहेत, आणि अनेकजण विचारात आहेत.

याला परवानगी लागते का, असं विचारलं तर बहुतेक वेळा दोन उत्तरं मिळतात. आपलंच घर आहे, कशाला लागते? किंवा, सरपंचांच्या कानावर घातलंय. या दोन्ही उत्तरांवर विसंबून राहू नये असं आमचं मत आहे, आणि आपल्या समाजानं तर मुळीच राहू नये. त्याचं कारण पुढे येईलच.

आधी नियम. राज्य सरकारनं सप्टेंबर 2020 मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं. किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून शेतावर पाहुणे ठेवता येतात. शाळेच्या सहली घ्यायच्या असतील तर पाच एकर लागतात. नोंदणीचं प्रमाणपत्र हातात असलं की बँकेच्या दारात उभं राहायला आधार मिळतो. शेत नाही, पण राहतं घर आहे, त्यांच्यासाठी निवास व न्याहारीची जुनी योजना आहे. त्यात मालकाचं कुटुंब त्याच घरात राहत असलं पाहिजे, म्हणजे कुलूप लावून चावी शेजाऱ्याकडे ठेवलेला बंगला त्यात बसत नाही. जेवण विकायचं असेल तर अन्न सुरक्षेची नोंदणी वेगळी. परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांच्या आत त्याची माहिती कळवावी लागते, मग तो पाहुणा दुबईहून आलेला तुमच्या भाच्याचा मित्र का असेना.

मुसाफिराची नोंद ठेवण्याचा हा प्रकार आजचा नाही. इंग्रजांनी 1867 मध्येच यासाठी कायदा केला होता आणि त्याचं नावच ‘सराय कायदा’. सरायवाल्यानं जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे नोंदणी करावी, असं त्यात होतं. शब्द आपला फारसी-उर्दूतला, नियम साहेबाचा. शेजारच्या गोव्यात 1982 च्या कायद्याखाली पर्यटकांना भाड्यानं दिल्या जाणाऱ्या खोल्यांची सुद्धा नोंदणी करावी लागते, आणि ती न करणाऱ्यांवर दंड बसतो. आपल्याकडे त्या मानानं अजून ढिलाई आहे. पण ही ढिलाई सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही.

विशाळगडाचं उदाहरण घ्या. हजरत मलिक रेहान यांच्या दर्ग्याला येणारे भाविक, त्यांच्यासाठी गडावर उभी राहिलेली दुकानं, खोल्या, हे वर्षानुवर्षं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चाललं होतं. बांधणाऱ्यांत दोन्ही समाजांचे लोक होते. 14 जुलै 2024 ला गडावरच्या अतिक्रमणाविरुद्ध आंदोलन झालं आणि त्या दिवशी जमावानं गडाच्या वाटेवरच्या गजापुरातली मुसलमानांची घरं आणि मशीद फोडली. गजापूरच्या त्या घरांचा गडावरच्या बांधकामांशी काही संबंध नव्हता. दुसऱ्याच दिवशी प्रशासनानं गडावर पाडकाम सुरू केलं. चार दिवसांनी मुंबई उच्च न्यायालयानं भर पावसात चाललेलं ते पाडकाम थांबवायला सांगितलं.

दंगल करणाऱ्यांचा गुन्हा कागद नसल्यानं हलका होत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण गडावरच्या ज्या लोकांकडे मालकीचा आणि परवानगीचा कागद नव्हता, त्यांचं म्हणणं ऐकायलाही कुणी तयार नव्हतं, हेही तितकंच खरं. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देशभरासाठी सांगितलं की घर पाडण्याआधी किमान पंधरा दिवसांची नोटीस दिलीच पाहिजे. चांगलं झालं. मात्र सार्वजनिक जागेवरच्या अतिक्रमणाला ते संरक्षण नाही. आणि नोटीस आलीच तर पंधरा दिवसांत आपण दाखवणार काय? घरपट्टीची पावती? ती कर भरल्याची पावती आहे, मालकीची नाही. वीजबिलाचंही तेच.

आमच्या मते आपल्याकडची खरी अडचण पर्यटन खात्याच्या अर्जात नाहीच. ती घरातल्या कपाटात आहे. सातबारा अजून आजोबांच्या नावावर असतो. वडील जाऊन पंधरा वर्षं झालेली असतात, वारस नोंद झालेली नसते. झाली असेल तर त्यात फक्त भावांची नावं असतात आणि बहिणींकडून कधीतरी हक्कसोडपत्रावर सही घेतलेली असते, नाहीतर त्यांना विचारलेलंच नसतं. शरीयतनं मुलीचा हिस्सा ठरवून दिलाय हे जुम्याच्या बयानात आपण ऐकतो, आणि तलाठ्याच्या दप्तरात मात्र ती बहीण सापडत नाही. आता पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्या म्हटल्या की सगळ्या हिस्सेदारांची संमती लागते. एक भाऊ सौदीत, एक बहीण मिरजेत, तिसरीशी बोलणं नाही. धंदा तिथेच अडतो. मग माणूस म्हणतो, जाऊ दे, असंच चालवू.

गावठाणातल्या घरांना तर सातबाराच नसतो. तिथे केंद्राच्या 2020 च्या स्वामित्व योजनेचा उपयोग आहे. ड्रोननं गावठाण मोजून घरमालकाला मिळकत पत्रिका दिली जाते. मोजणी झालेल्या गावांत आपलं घर कुणाच्या नावावर लागलं, चौकशीच्या वेळी आपण हजर होतो का, हे भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन पाहून यायला अर्धा दिवस पुरतो. जागा दर्ग्याची किंवा मशिदीची, म्हणजे वक्फची असेल तर मात्र कुणाच्याही खाजगी नावावर खोल्या काढायच्या भानगडीत पडू नये. ते प्रकरण वेगळं आहे आणि सध्याच्या हवेत तर फारच नाजूक.

जागा कुठे आहे यावरही पुष्कळ अवलंबून आहे. पन्हाळा 11 जुलै 2025 ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. गडावर नगरपरिषद आहे, नांदतं गाव आहे. यादीमुळे पर्यटक वाढतील, पण केंद्रीय संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या दोनशे मीटरात परवानगी लागते, हा नियम यादीच्या आधीपासूनच आहे. असलेल्या घरातली खोली देणं आणि गच्चीवर नवा मजला चढवणं यातला फरक इथे महागात पडू शकतो. राधानगरी अभयारण्याभोवती 2020 च्या अधिसूचनेनं पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्र ठरवलंय. त्यात अभयारण्याच्या हद्दीजवळ नवी व्यापारी हॉटेलं, रिसॉर्ट उभारायला मनाई आहे. मुंबई-पुण्याच्या पैशातून उठणारे बंगले यातून कसे वाट काढतात हा प्रश्न आहेच, आणि तो विचारला पाहिजे. पण त्यांच्याकडे पाहून आपण तसंच करायला गेलो तर पहिली नोटीस कुणाला येईल, हे आम्ही सांगायला नको.

महिलांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. राज्याच्या 2023 च्या ‘आई’ धोरणात पर्यटन व्यवसाय करणाऱ्या महिलेला पंधरा लाखांपर्यंतच्या बँक कर्जावरचं व्याज, बारा टक्क्यांच्या मर्यादेत, परत मिळतं. सात वर्षं किंवा साडेचार लाख रुपये, जे आधी पूर्ण होईल तोवर. व्यवसाय तिच्या मालकीचा आणि संचालनालयाकडे नोंदलेला हवा. व्याजाच्या कर्जाचा मसला ज्यानं त्यानं आपल्या आलिमांना विचारावा. पण स्वयंपाक तिचा, चादरी तिनं धुतलेल्या, आणि फलकावर नाव मात्र थोरल्या दिराचं, हे कर्जाशिवायही बदलता येईल.

सरकारकडेही मागायचं आहे. संचालनालयाचं आपल्या विभागाचं कार्यालय पुण्यात. अर्ज ऑनलाइन असला तरी कागदात त्रुटी निघाली की गगनबावड्याच्या शेतकऱ्यानं जायचं कुठे? वारस नोंद, मिळकत पत्रिका आणि पर्यटन नोंदणी यांचं एकत्र शिबिर महिन्यातून एकदा तहसील कचेरीत लागलं तर सगळ्याच समाजांतल्या लहान माणसांची सोय होईल. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्यायला मोर्चा लागत नाही, चार गावांच्या सह्या पुरतात. पुढचा पावसाळी हंगाम यायच्या आत हे झालं तर बरं, कारण एकदा गाड्या सुरू झाल्या की कागदाकडे बघायला कुणाला वेळ नसतो, ना घरवाल्यांना ना तलाठ्याला.