आधी चिंचोके, मग पाढे

पाढे पाठ असावेत का, या वादात माझं मत सरळ आहे. असावेतच! पण त्याआधी मुलाच्या हातात मूठभर चिंचोके द्यावेत.

घरातली वडीलधारी मंडळी लगेच म्हणतील, "आम्ही पावकी-निमकीसुद्धा पाठ केली, आमचं कुठे अडलं?" अहो, पण पावकीतला पाव तुम्हाला रोज पावशेराच्या मापात दिसत होता. आजच्या मुलाला 'तीन चोक बारा' हे नुसतं गाणं वाटतं.

म्हणून चिंचोके मांडायला सांगावं. एका ओळीत ३, अशा ४ ओळी. मग दुसऱ्या बाजूने बसून बघायचं, की तेच चिंचोके ४ च्या ३ ओळी होतात. 'तीन चोक' आणि 'चार त्रिक' एकच, हे डोळ्यांना दिसलं की पाठांतराचं ओझं जवळजवळ निम्मं होतं. सात आठे विसरलं तरी ८ च्या ५ ओळींचे ४० आणि उरलेल्या २ ओळींचे १६, असं करून मूल ५६ वर पोचतं.

खरी गोची भागाकारात आहे. १२ लाडू ३ जणांत वाटले तर प्रत्येकाला किती? आणि १२ लाडवांच्या ३-३ च्या पुड्या बांधल्या तर पुड्या किती? उत्तर दोन्हीकडे ४, पण पहिल्यात हात एकेक वाटत जातो, दुसऱ्यात तीन-तीन उचलतो. माझ्या भाचीला वीसपर्यंत पाढे पाठ, तरी भागाकार म्हटलं की रडू यायचं. तिला भागाकार म्हणजे फक्त वाटणी माहीत, आणि वहीत विचारत होते 'भाग किती वेळा जातो'! चार संध्याकाळी पुड्या बांधल्यावर म्हणाली, "मामा, हा तर उलटा पाढा!"

बाकीचंही तसंच. १४ मुलं, एका रिक्षात ४, तर रिक्षा किती? 'भागाकार ३, बाकी २' लिहिणाऱ्याने त्या दोघांना रस्त्यावरच सोडलं.

साहित्य महाग पडतं, ही सबब मला पटत नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, ते आसपास मिळणाऱ्या साध्या वस्तू वापरूनच. मात्र चिंचोके कायमचे नकोत. पुढे त्यांची जागा वहीतल्या ठिपक्यांनी घ्यावी, मग अंकांनी.

तुमच्या घरी काय वापरता? नक्की लिहा.