चाकू एकच, खिसे वेगळे

आमचा एक तरुण मित्र अमेरिकेत नोकरीला आहे. चळवळीच्या घरात वाढलेला, वाचणारा, भीमजयंतीची वर्गणी न मागता पाठवणारा. हल्ली त्याला एक नवा छंद लागला आहे. जुन्या धाटणीचे, मिटून खिशात ठेवायचे चाकू. सकाळी घराबाहेर पडताना आज कोणता चाकू खिशात टाकला, याचा फोटो तिथले शौकीन एकमेकांना दाखवतात. हाही दाखवतो. परवा त्याने आम्हालाही चार फोटो पाठवले आणि खाली लिहिले, "हे लोक आजोबांचा चाकू किती अभिमानाने जपतात बघा. आपल्याकडे आहे का असं काही?"

आम्ही उत्तर दिले, "तुझे आजोबा गावात चपला शिवायचे. त्यांची रापी होती. तिचं काय झालं, ते घरी विचार."

तो थोडा वैतागला. "दादा, आता चाकूतही जात शोधणार का? चाकूला जात नसते."

हा प्रश्न त्याचा एकट्याचा नाही. शिकून सवरून बाहेर पडलेल्या आमच्या अनेक तरुणांचा आहे. म्हणून त्याचे उत्तर सर्वांसमोर देत आहोत.

चाकूला जात नसते हे खरे. पोलाद कोणाचाही अंगठा सारख्याच निष्ठेने कापते. पण चाकू खिशात राहतो आणि खिसा माणसाचा असतो. तो माणूस कोण, यावर त्याच चाकूला औजार म्हणायचे, हत्यार म्हणायचे की वारसा म्हणायचे, हे ठरते. ठरवणारा मात्र बहुतेक वेळा दुसराच असतो.

आधी त्या छंदाला न्याय देऊ

आम्हाला या शौकिनांची टिंगल करायची नाही. त्यांच्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

हे चाकू साधे असतात. पाते उघडे ठेवायला कुलूप नसते, पाठीतल्या पट्टीच्या स्प्रिंगचा ताण तेवढा असतो. मूठ हाडाची, शिंगाची किंवा लाकडाची. अनेकांना न गंजणाऱ्या पोलादापेक्षा जुने कार्बन पोलादच आवडते. सफरचंद, कांदा, लिंबू कापता कापता त्या पात्यावर निळसर करडी छटा चढते. ती छटा त्यांना डाग वाटत नाही, वापराची खूण वाटते. कामाने पडलेल्या खुणेला सौंदर्य मानणारी ही नजर आम्हाला आवडली. आमच्या देशात कामाने काळे पडलेले हात बघून लोक पाण्याचा पेला लांबून देत आले आहेत.

या चाकूंची नावेही बघा. तीन पात्यांचा 'स्टॉकमन' म्हणजे गुरे राखणाऱ्याचा. त्याचे एक पाते मुळात गोऱ्हे खच्ची करण्यासाठी ठेवलेले. 'ट्रॅपर' म्हणजे फासे लावून जनावरे पकडून त्यांची कातडी काढणाऱ्याचा. 'सॉडबस्टर' म्हणजे माळरान फोडून शेत करणाऱ्याचा. फ्रान्समधला लाकडी मुठीचा ओपिनेल १८९० मध्ये साव्हॉय भागात जन्मला, तोही शेतकऱ्याच्या खिशासाठी. आज हे चाकू वकील, डॉक्टर, संगणक अभियंते खिशात घालून फिरतात. कातडी सोलणाऱ्याचे नाव असलेला चाकू खिशात ठेवल्याने त्यांची पत जात नाही.

तिकडे सगळे सोन्याचे होते असेही नाही. इंग्लंडमधले शेफील्ड शहर चाकूसुऱ्यांसाठी जगप्रसिद्ध. तिथे सहाणेवर पाती घासणारे कामगार दगडाची आणि लोखंडाची धूळ छातीत भरून तरुणपणीच मरत. एंगल्सने १८४५ च्या आपल्या पुस्तकात त्यांच्याबद्दल लिहिले आहे. कोरड्या सहाणेवर काम करणाऱ्यांचे सरासरी आयुष्य जेमतेम पस्तीस वर्षांचे. फ्रान्समधल्या थिएर गावात तर पाती घासणारे फळीवर पालथे झोपून काम करत आणि थंडीत ऊब मिळावी म्हणून पायांवर कुत्रे बसवत. शोषण तिकडेही होते. पण शेफील्डच्या त्या कामगाराचा मुलगा शाळेत गेला, तर त्याच्या सावलीचा कोणाला विटाळ होत नव्हता. त्याने बापाचे काम सोडले म्हणून गावाने त्याचे घर जाळले नाही. वर्ग आणि जात यांच्यातला फरक पुस्तकातून समजत नसेल, तर इथे समजावा.

माणसाचे नाव चाकूला, की चाकूचे नाव माणसाला?

स्टॉकमन हे नाव माणसाचे, ते चाकूला मिळाले. आता आपल्याकडे या.

दरवर्षी पावसाळा संपला की बीड, अहिल्यानगर, जालना या पट्ट्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादम त्यांना उचल देतो. ती कशावर मोजतात? कोयत्यावर. आणि 'एक कोयता' म्हणजे काय? नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर 'अर्धा कोयता'. टोळीत किती कोयते, असे विचारतात, किती माणसे असे कोणी विचारत नाही. गर्भारपणातही बाई फडात उतरते, कारण ती उतरली नाही तर कोयता अर्धा होतो आणि उचल फिटत नाही.

तिकडे माणसाने चाकूला आपले नाव दिले. इकडे चाकूने माणसाचे नाव पुसले. मित्रा, तुझ्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे आहे. जिथे माणूसच औजार म्हणून मोजला जातो, तिथे औजार वारसा कसे होईल?

खिसा कोणाचा, त्यावर कायदा

आता तुझ्याच अमेरिकेत राहू. तिथला गोरा शौकीन रोजचा चाकू उघड दाखवतो आणि चार लोक त्याला शाबासकी देतात. १२ एप्रिल २०१५ रोजी बाल्टिमोर शहरात फ्रेडी ग्रे नावाचा २५ वर्षांचा काळा तरुण पोलिसांना बघून पळाला. पोलिसांनी त्याला पकडले, झडती घेतली. त्याच्या खिशाला एक मिटणारा चाकू अडकवलेला होता. तो तुझ्या चाकूसारखा जुन्या घडणीचा नव्हता, पण खिशातच होता आणि मिटलेला होता. हा चाकू शहराच्या नियमात बसत नाही, असे सांगून त्याला बेड्या घातल्या आणि गाडीत टाकले. गाडीतून काढला तेव्हा त्याच्या मणक्याला जबर इजा झालेली होती. १९ एप्रिलला तो मेला. पुढे तिथल्या सरकारी वकिलांनीच सांगितले की तो चाकू राज्याच्या कायद्याने वैध होता. सहा पोलिसांवर खटले भरले. एकालाही शिक्षा झाली नाही.

न्यूयॉर्कचेही तेच. मनगटाच्या झटक्याने उघडणाऱ्या चाकूविरुद्ध तिथे १९५८ चा कायदा होता. तो सुतार, वायरमन, रंगमंचावरचे कामगार यांच्या खिशातल्या साध्या कामाच्या चाकूंनाही लावला गेला. हेच चाकू दुकानात राजरोस विकत मिळत. पकडले गेलेल्यांत बहुसंख्य काळे आणि लॅटिनो होते. कायदा रद्द व्हायला २०१९ उजाडले.

हा योगायोग नाही. अमेरिका स्वतंत्र होण्याच्या शंभर वर्षे आधी, १६८० मध्येच व्हर्जिनियात कायदा झाला होता की काळ्या माणसाने काठीसुद्धा बाळगायची नाही. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिनिर्मूलन'मध्ये आपल्याकडची अशीच गोष्ट सांगितली आहे. चातुर्वर्ण्याविरुद्ध खालच्यांनी बंड का केले नाही, या प्रश्नाला त्यांनी थेट उत्तर दिले. त्यांना शस्त्र धरू दिले नाही, शिकू दिले नाही आणि नांगराशीच जखडून ठेवले, म्हणून. युरोपातल्या दुबळ्यांना लष्करी सेवा, मताचा हक्क आणि शिक्षण अशी तीन हत्यारे मिळाली. आपल्या माणसांना तिन्ही नाकारली गेली.

आजचा आपला कायदा वरवर सर्वांना सारखा आहे. शस्त्र नियमांप्रमाणे नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याला परवाना लागतो. घरकामाची आणि शेतीची अवजारे त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे खिशातला छोटा चाकू हा मुळात गुन्हा नाही. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदी आणि शस्त्रबंदीचे आदेश निघतात, तेव्हा नाक्यावर कोणाला थांबवायचे हे शिपाई ठरवतो. सोसायटीतल्या मुलाच्या बॅगेत स्विस चाकू सापडला तर तो ट्रेकला निघालेला असतो. पारध्याच्या पोराच्या कमरेला सुरी सापडली तर तो कशाला निघालेला असतो? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्यांना तो कायदा १९५२ मध्ये गेल्यावरही हा प्रश्न विचारला जातोच.

उना: चाकू हातात दिला कोणी?

आता सर्वांत महत्त्वाचे. ११ जुलै २०१६. गुजरातमधल्या उना तालुक्यातले मोटा समढियाळा गाव. मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आपल्या तरुणांना गोरक्षकांनी मारले, गाडीला बांधले आणि उना शहरात नेऊन भर रस्त्यात फोडून काढले. त्याचे चित्रीकरणही त्यांनी स्वतःच केले.

त्या तरुणांच्या हातात सुरी कोणी दिली होती? याच व्यवस्थेने. मेलेले ढोर ओढायचे, सोलायचे, हेच तुमचे काम, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगणारी हीच व्यवस्था. नाही उचलले तर मार आणि उचलून सोलले तरी मार.

मग आपल्या माणसांनी काय केले? मेलेली जनावरे आणून सुरेंद्रनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयासमोर टाकली. तुमची गाय, तुम्हीच सोला. सुरी खाली ठेवली. एप्रिल २०१८ मध्ये त्या मारहाण झालेल्या कुटुंबाने शेकडो लोकांसह बुद्धधम्म स्वीकारला. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, गावकीची हलकी कामे सोडा असे सांगितले होते. त्याच रस्त्यावरचे हे पुढचे पाऊल.

आमच्या त्या मित्राने शेवटी वडिलांना फोन केला. वडील म्हणाले, "रापी मीच भंगारात घातली. तू शाळेत जायला लागलास त्या वर्षी. तुझी नजर तिच्यावर पडू नये म्हणून." हे सांगताना ते रडले नाहीत, हसले. मित्र मात्र बराच वेळ गप्प होता.

अमेरिकन आजोबा नातवाला चाकू देतात, तेव्हा नातवाने गुरेच राखली पाहिजेत असा हुकूम त्यात नसतो. म्हणून तो चाकू वारसा होतो. आपल्याकडे रापी, सुरी, झाडू नातवाच्या हातात द्यायची ती जन्मठेप म्हणूनच दिली गेली. जात कामे वाटत नाही, माणसे वाटते, हे बाबासाहेबांनी सांगितले ते याचसाठी. औजार वारसा केव्हा होते? ते खाली ठेवायचा हक्क असतो तेव्हा.

म्हणून सरकार 'पारंपरिक कारागिरी'चे गोडवे गाते, तेव्हा कान टवकारा. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत चांभार, न्हावी, परीट, कुंभार, लोहार यांच्यासह अठरा व्यवसाय आहेत. अवजारांसाठी १५ हजार रुपये मिळतात, स्वस्त कर्जही मिळते. ज्याला गरज आहे त्याने ते जरूर घ्यावे, तो आपल्याच कराचा पैसा आहे. पण योजनेची भाषा 'कुटुंबपरंपरेने चालत आलेल्या' व्यवसायांची आहे. तमिळनाडू सरकारने नेमक्या याच अटीवर आक्षेप घेऊन ही योजना आहे त्या स्वरूपात राबवायला नकार दिला. कारागिराला मदत करा, पण तो कोणाच्या पोटी जन्मला ते विचारू नका, एवढीच साधी मागणी आहे.

तरुणांनो, तुमच्यासाठी

काही तरुण मित्र कोयता नाचवत रील करतात, हेही आम्ही बघतो. पुण्यात 'कोयता गँग' हा शब्द वर्तमानपत्रांनी रूढ केला. ज्या कोयत्याने आपल्या आयाबहिणींची कंबर मोडली, तो नाचवून आपण शूर होत नाही. पोलिसांच्या फायलीत आपले नाव तेवढे सोपे करून देतो. ज्यांनी तुमच्या हाती तो दिला, त्यांची मुले त्या वेळी परदेशात शिकत असतात.

आमच्या मित्राला आम्ही छंद सोड असे सांगितलेले नाही. खुशाल चाकू जमव, पात्याला तेल लाव, सफरचंद काप. औजाराचा मान राखणे वाईट नाही. श्रमाला मान देणारी ती नजर इकडे घेऊन ये. फक्त फोटोखाली एक ओळ लिहीत जा, की हाच चाकू फ्रेडी ग्रेच्या खिशात असता तर. आणि आपल्याकडे असे काही आहे का, असे कोणी विचारले तर मान खाली घालू नकोस. सांग, की आमच्या आजोबांकडेही पाते होते, धारदार होते, त्यांना ते आमच्यापेक्षा चांगले चालवता येत होते. आमच्या घरात अभिमानाने सांगायची गोष्ट मात्र ते पाते उचलल्याची नाही, खाली ठेवल्याची आहे. त्या रिकाम्या झालेल्या हातात त्यांनी आमच्यासाठी पेन धरले.

ते पेन तुझ्या खिशात आहे ना, तेवढे रोज सकाळी बघत जा.

जयभीम!