पाना कुणाच्या हातात?

मार्कंड्याला महाशिवरात्रीची जत्रा भरते. वैनगंगा इथं उत्तरेकडे वळते म्हणून पुण्य जास्त, असं सांगतात. पुण्याचं जाऊ द्या. जत्रेत आकाशपाळणा येतो, त्याला इंजिन असतं, जनरेटर असतो. पाळण्यात बसायला खिशात पैसा नसलेली पोट्टी त्या इंजिनाभोवती कोंडाळं करतात. 'काहून फिरते बे हे?' हा प्रश्न तिथं विचारला जातो. शाळेत तो विचारायची सोय नाही. शाळेत उत्तर फळ्यावर असतं आणि ते उतरवून घ्यायचं असतं.

याच चामोर्शी तालुक्यात कोनसरीला लोखंडाचा कारखाना उभा राहिला. तिकडे एटापल्लीत सुरजागडच्या पहाडातून खनिज निघतंय. पहाड आपला, धूळ आपली, रस्ता आपला. आणि काम? आपल्या वस्तीतला, गोंड-माडिया टोल्यावरचा पोरगा गेटवर शिट्टी घेऊन उभा राहणार, की कंट्रोल रूममध्ये बसणार? 'लोकल पोरांत स्किल नाही' हे वाक्य देशभर, जिथं जिथं जमीन गेली तिथं ऐकवलं गेलंय. आपणही ते ऐकून मान खाली घालतो. अरे, स्किल काय आभाळातून पडतं?

हा निकाल आठवी ते दहावीत लागतो, दोस्तांनो. दहावीनंतर सायन्सच्या नावानेच पोरगं घाबरतं, कारण तीन वर्षं त्याने प्रयोगशाळेचं कुलूपच पाहिलेलं असतं. मग आर्ट, मग पोलीस भरतीची धावपळ. बारावीनंतर कॉलेजच्या दारात राखीव जागा घेऊन उभं राहायचं, पण दारापर्यंत पोचणारा रस्ता तर आधीच खणून ठेवलेला.

सरकार म्हणेल, आम्ही योजना दिल्या. दिल्या ना! २०१६ साली अटल टिंकरिंग लॅब आली. शाळेला २० लाख. थ्रीडी प्रिंटर, रोबोटचे सुटे भाग, सगळं झकास. पण अर्जाच्या अटी वाचा: मैदानी भागात दीड हजार चौरस फूट बांधीव जागा, वीज, इंटरनेट. म्हणजे ज्याच्या ताटात आहे त्यालाच वाढा. त्याआधी २००१ पासून एमएस-सीआयटी. कीबोर्ड येतो, सर्टिफिकेट मिळतं. वाईट नाही. पण त्यात मशीन वापरायला शिकवतात, उघडायला नाही. आणि २०१७-१८ च्या सरकारी पाहणीतच ग्रामीण भारतातल्या ४.४ टक्के घरांत कॉम्प्युटर होता. दोनच वर्षांनी, २०२० मध्ये याच घरांना सांगितलं गेलं, शाळा बंद, ऑनलाइन शिका!

पण सरकारला शिव्या घालणं सोपं. आपल्या घरात बघू.

गावोगावच्या विहारात आपण अभ्यासिका काढल्या. चांगलंच केलं. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं रांगेत लावली. एक तरी सोल्डरिंग गन, एक तरी मल्टिमीटर तिथं ठेवला का? नाही. कारण आपल्याला हत्याराची भीती वाटते. हत्यार म्हटलं की आजोबाचं काम आठवतं, रापी आठवते, झाडू आठवतो. बाबासाहेबांनी त्यातून बाहेर काढलं आणि आपण पळालो ते थेट टेबल-खुर्चीकडे.

पण बाबासाहेबांनी काय मागितलं होतं? २९ ऑक्टोबर १९४२ ला व्हाइसरॉय लिनलिथगोला दिलेलं निवेदन काढून वाचा. कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आमचं फारसं भलं होणार नाही, विज्ञान-तंत्रज्ञानासाठी शिष्यवृत्त्या द्या, सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपात आमची पोरं उमेदवार म्हणून घ्या, हा त्याचा आशय. स्वतः बॅरिस्टर असलेला माणूस हे मागत होता. कारण त्यांनी मुंबईच्या गिरण्या पाहिल्या होत्या. विणकाम खात्यात पगार बरा, तर तिथंच अस्पृश्याला बंदी. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, विटाळ होईल! म्हणजे यंत्र आलं तरी जात गेली नाही, ती धोट्यात जाऊन बसली. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला होता.

कुणी म्हणेल, हाताचं शिक्षण हे तर त्यांचंच जुनं जाळं. शंका रास्त आहे. १९३७ साली शेजारच्या वर्ध्यातून चरख्याचं शिक्षण निघालं. १९५३ साली मद्रासमध्ये राजाजींनी तर अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस बापाचा धंदा अशी योजना आणली. पेरियार रस्त्यावर उतरले, पुढच्याच वर्षी ती गाडावी लागली. बरंच झालं. चांभाराच्या पोराला चामडं आणि भटाच्या पोराला पोथी, हे शिक्षण नव्हे, जातीचा दाखला आहे. आजही कुणी 'पारंपरिक कौशल्य' असा गोड शब्द काढला की मी आधी विचारतो, कुणाचं पारंपरिक?

पण सगळ्यांच्या पोरांनी, पोरींनीसुद्धा (त्यांना अजून शिवणयंत्रावरच बसवतात), एकाच बाकावर वेल्डिंग, वायरिंग, पंपाची मोटार शिकली आणि ती का फिरते याचं गणितही शिकलं, तर ती वेगळी गोष्ट. हे होऊ शकतं. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. आठवी ते दहावी, आठवड्यातून एक दिवस: लोखंडकाम, बांधकाम, वीज, शेती, अन्न आणि आरोग्य. शिकवायला गावातलेच कारागीर. एसएससी बोर्डाने तो विषय मान्य केला. त्यांचं आपलं सगळं पटतं असं नाही, पण हे चालतं हे त्यांनी दाखवलंय. मग गडचिरोलीतल्या प्रत्येक आश्रमशाळेत, जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात ते का नको? खनिजाच्या रॉयल्टीच्या जोडीला जिल्हा खनिज प्रतिष्ठानला पैसा येतो, आणि खाणबाधित भागातलं शिक्षण हा त्या पैशाचा हक्काचा खर्च आहे. ग्रामसभेने ठराव करून तो मागावा.

आणि ठरावाला वेळ लागला तरी आपण थांबायचं कारण नाही. १४ एप्रिलला वस्तीत डीजे लागतो. रात्रभर जागून अ‍ॅम्प्लिफायर जोडणारी, जळालेली वायर अंधारात हाताने शोधणारी पोरं कोण असतात? दहावी नापास म्हणून आपण ज्यांना अभ्यासिकेत बसू देत नाही, तीच. यंदा वर्गणीतून एक रात्रीचा डीजे कमी करा. त्या पैशात दोन मल्टिमीटर, चार सोल्डरिंग गन, भंगारातला एक पंप येईल. रविवारी विहारात आठवीच्या पोरांना बसवा आणि शिकवायला त्या नापास पोरांना बोलवा.