सावली हरवते तेव्हा शाळेला सुट्टी असते

6 मे. कोल्हापुरात दुपारचे साडेबारा वाजत आलेले असतात. शाळेच्या मैदानातल्या झेंड्याच्या खांबाची सावली आखडत आखडत बुंध्याशी येते आणि दिसेनाशी होते. सूर्य नेमका माथ्यावर. पण हे पाहायला तिथे कुणी नसते. फाटकाला कुलूप असते आणि नववीतली मुले मामाच्या गावी आंब्यांवर ताव मारत असतात.

याला शून्य सावली दिवस म्हणतात. तो फक्त कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या प्रदेशात येतो, वर्षातून दोनदा. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने सिंधुदुर्गापासून नंदुरबारपर्यंत सगळ्यांच्या वाट्याला तो येतो. दिल्लीकरांना जन्मभर थांबले तरी घरच्या अंगणात तो दिसायचा नाही. पुण्यात तो 13-14 मेला येतो, मुंबईत 15 मेच्या आसपास आणि नागपुरात 26 मेला. दुसरी खेप जुलै-ऑगस्टमधली. तेव्हा शाळा उघडी असते, पण आभाळ झाकलेले. कोल्हापूरचा दुसरा मुहूर्त ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातला, म्हणजे गाव पंचगंगेची पातळी बघत असते तेव्हाचा.

सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत पृथ्वीचा परीघ विचारा, हुशार मुले घंटी वाजवून सांगतील : चाळीस हजार किलोमीटर. कुणी चलाख असेल तर विषुववृत्तावर 40,075 असेही ऐकवेल. हा आकडा कुणी आणि कशाने मोजला, हे विचारले की मात्र शांतता पसरते. दोष मुलांचा नाही. आपण विज्ञानाची उत्तरे वाटतो आणि मोजमाप स्वतःकडे ठेवून घेतो. मग उत्सुकता तेरा-चौदाव्या वर्षीच सुकली म्हणून हळहळतो.

वास्तविक हे मोजमाप फार जुने आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या एराटोस्थेनिसला कळले होते, की दक्षिणेच्या सायीनी गावात, म्हणजे आजच्या आस्वानमध्ये, एका ठरावीक दुपारी सावली पडत नाही. त्याच दुपारी अलेक्झांड्रियात सूर्य माथ्यापासून वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका कललेला त्याने मोजला. मग पृथ्वीचा परीघ दोन गावांमधल्या अंतराच्या पन्नासपट.

यासाठी नाईल नदीकाठी जायची गरज नाही. नकाशा उघडून धुळे आणि कोल्हापूर बघा. दोन्ही जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत. धुळे उत्तरेला सुमारे 465 किलोमीटर. हे अंतर एसटीच्या रस्त्याचे नव्हे, नकाशावर पट्टी ठेवून काढलेले. कोल्हापुरात सावली नाहीशी होते त्या दुपारी धुळ्यात एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी केली, तर तिची सावली 7.3 सेंटीमीटरच्या जवळपास भरते. कागदावर तसा काटकोन त्रिकोण काढून कंपासपेटीतला कोनमापक लावा, किंवा नववीतली त्रिकोणमिती वापरा. कोन येतो 4.2 अंशांच्या आसपास. 360 ला या कोनाने भागायचे आणि 465 ने गुणायचे. उत्तर चाळीस हजाराच्या आगेमागे येते.

आगेमागे म्हणजे किती, हा खरा गमतीचा भाग. सावलीला पट्टी लावायला वाकलेल्या मुलीच्या पहिल्यांदा लक्षात येते, की सावलीला धार नसते. सूर्य ठिपका नाही, त्याची तबकडी आकाशात अर्धा अंश रुंद दिसते. त्यामुळे मीटरभर काठीच्या सावलीचे टोक सुमारे नऊ मिलिमीटर नुसते पुसट असते. मग रेघ मारायची कुठे? गडद सावली संपते तिथे, की पुसटपणाच्या मधोमध? तीन मिलिमीटर चुकून सात सेंटीमीटर लिहिले, तर पृथ्वीचा परीघ जवळजवळ 42 हजार किलोमीटर होतो. खडूच्या एका रेघेने पृथ्वी पावणेदोन हजार किलोमीटरने फुगते! हे एकदा हाताने केलेल्या मुलाला ‘मोजमापातील त्रुटी’ची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

घड्याळाचीही एक खोड सापडते. ‘बाराला सूर्य डोक्यावर’ हे आपण इतके ऐकलेले असते, की बाराच्या ठोक्याला काठी रोवली जाते आणि सावली काही केल्या हटत नाही. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखावृत्ताची आहे. कोल्हापूर-धुळ्याची माध्यान्ह त्यामुळे साडेबाराच्या सुमारास होते, नागपूरची त्याहून सुमारे वीस मिनिटे आधी. मुंबईने तर स्वतःची वेळ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सोडली नव्हती. ती प्रमाणवेळेच्या 39 मिनिटे मागे चालायची. सावली मोजणाऱ्याला तो हट्ट अगदीच वेडगळ वाटणार नाही.

काठी रोवण्याची परंपराही आपल्याला परकी नाही. बारा अंगुळांचा शंकू हे भारतीय ज्योतिर्विदांचे रोजचे साधन होते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त तर छायाव्यवहार हे स्वतंत्र प्रकरणच आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ काढला, तो चाळीसगावजवळच्या पाटण इथे. तिथला शिलालेख तसे सांगतो. धुळ्याहून हे ठिकाण फार लांब नाही. भास्कराचार्यांच्या नावाने अभिमान बाळगणाऱ्या शाळांपैकी किती शाळांत शंकू रोवला जातो, हे ज्याचे त्याने तपासावे.

राहिली सुट्टीची सबब. ती टिकत नाही. दोन्ही गावांत एकाच दिवशी, आपापल्या माध्यान्हीला कोन मोजले आणि त्यांची वजाबाकी केली, की तेच 4.2 अंश मिळतात. सावली शून्य व्हायलाच हवी असे नाही. म्हणजे डिसेंबर उत्तम : आभाळ निरभ्र, शाळा भरलेली, सावली लांब. साडेबाराच्या आधी वीस मिनिटे दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण करायला लागायचे आणि ती पुन्हा वाढू लागेपर्यंत थांबायचे. सर्वांत आखूड सावली ती माध्यान्हीची. लागते ती काठी, ओळंबा, पट्टी आणि दुसऱ्या गावातल्या शाळेचा फोन नंबर. मराठी विज्ञान परिषदेचे विभाग गावोगावी आहेत. शाळांच्या जोड्या जुळवून देणे त्यांना अवघड जाऊ नये.

येत्या 22 डिसेंबरला मीटरभर काठीची सावली कोल्हापुरात 84 सेंटीमीटरच्या आसपास पडेल आणि धुळ्यात 98. या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. मोजा, आणि वेगळे आले तर या वृत्तपत्राला कळवा.